सरकार एवढं कर्ज काढतं, मग वसुलीला त्याच्या दारात कोण का येत नाही?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटला तर हसा, पण उत्तर द्या. परवा उद्यमबागेतनं शिफ्ट सुटून खानापूरला घरी आलो तर बाबा कट्ट्यावर कन्नड पेपर घेऊन बसलेत. मला विचारले, राज्यावर ७ लाख ६४ हजार कोटी कर्ज हाय म्हणे, मग ह्यांच्या दारात वसुलीला कोण जात नाही व्हय? मी हसलो आणि आत गेलो, पण जेवताना डोक्यात तेच फिरूलालं.

कारण आमच्यात कसं हाय बघा. मार्च आला की पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती कर्जाच्या सोसायटीचं, नवं-जुनं. चार दिवसासाठी कुणाकडनं तरी हातउसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, पावती घ्यायची, आणि आठवड्याभरानं तेच पैसे परत उचलून ज्याचे त्याला द्यायचे. एका वर्षी हातउसने देणारा ऐन वेळी नाही म्हणाला आणि आमची तारीख चुकली, तर बिनव्याजी कर्जाला व्याज लागलं आणि वर सेक्रेटरीची बोलणी खाल्लो ती वेगळीच. बाबा अजून ते विसरले नाहीत. कन्नडमध्ये कर्जाला साल म्हणतात आणि आमच्यात साल म्हणजे वर्ष, बाबा म्हणतात दोन्ही एकच, एक सरलं की दुसरं उभं.

तर हे सरकारचं साल कुणाचं असतं, कोण देतं, व्याज कोण ठरवतं, आणि फिटणार कधी? कंपनीत एक जण म्हणतो सगळं बायकांना महिन्याला मिळणाऱ्या गृहलक्ष्मीच्या २ हजारामुळं झालं, दुसरा म्हणतो गप बस, महाराष्ट्रावर ९ लाख ३२ हजार कोटी हाय, आपल्यापेक्षा जास्त. मी मधल्यामधी गप्प. मोबाईलवर हिशोब केलो तर कर्नाटकात माणशी लाखाच्या वर पडतंय. आमच्या घरात सहा माणसं. झोप कशी लागणार सांगा.

जुना_कॅशियर

बाळा, तुझ्या बाबांनी प्रश्न विचारला आणि तू खाली नवं-जुनं लिहून त्याचं उत्तरपण दिलास. सरकार दुसरं काय करत नाही, नवं-जुनंच करतं. फरक एवढाच की त्याला हातउसने मागत फिरावं लागत नाही.

केंद्राचं बघ. २०२५-२६ च्या बजेटात बाजारातनं उचलायचं एकूण कर्ज १४.८२ लाख कोटी धरलं होतं आणि निव्वळ कर्ज ११.५४ लाख कोटी. मधले सव्वातीन लाख कोटी गेले कुठं? जुन्या बाँडांची, म्हणजे सरकारनं कर्ज घेताना लिहून दिलेल्या कागदांची, मुदत संपली, ते फेडायला. म्हणजे जुनं फेडायला नवं काढलं. राज्याचं पण तसंच चालतं. मुद्दल फिटून पाटी कोरी झालीय असं होत नाही आणि व्हावं असं कुणी धरूनपण चालत नाही. तारीख मात्र एकही चुकवायची नाही, कारण एकदा चुकली की पुढच्या खेपेला कोण देणार? वसुलीवाला दारात येत नाही त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण ऐकलास तर हसशील. देणारे आपणच आहोत. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली काही मुंबईला ट्रेझरीत, म्हणजे बँक असले बाँड घेते-विकते त्या खात्यात. बँकेत तू ठेव ठेवलास की तिच्यातला १८ टक्के भाग सरकारी बाँड आणि तत्सम कागदात ठेवायचा असा नियमच आहे, एसएलआर म्हणतात. एलआयसीला तू हप्ता भरतोस, त्यातला मोठा हिस्सा तिथंच. उद्यमबागेत तुझा पीएफ कापतात ना, तो कुठं पडून असतो वाटलं? पोस्टातली आईची आरडीपण शेवटी सरकारच्याच हातात. तेव्हा माणशी लाखाचं कर्ज म्हणून झोप उडवून घेताना दुसऱ्या बाजूला तूच थोडा सावकारपण आहेस हे ध्यानात ठेव. (थोडाच. खरा सावकार ज्याच्याकडे जास्त पैसे पडून आहेत तो, आणि व्याज जास्त त्याच्याच घरी जातं, ही गोष्ट कोण मोठ्यानं बोलत नाही.)

व्याज ठरतं लिलावात. लिलाव रिझर्व्ह बँक करते, केंद्रासाठीपण आणि राज्यांसाठीपण. बुधवारी केंद्राची ट्रेझरी बिलं, म्हणजे ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. शुक्रवारी केंद्राचे लांब मुदतीचे बाँड. आणि मंगळवारी सहसा राज्यांचा सौदा, कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू सगळे एका रांगेत. आपल्या भाजी मार्केटात जास्त बोली लावेल त्याला माल, इथं उलटं, जो कमी व्याज मागेल त्याचा नंबर आधी. पाहिजे तेवढी रक्कम भरली की तिथं रेघ ओढायची. राज्याला केंद्रापेक्षा थोडं जास्त व्याज पडतं, कारण केंद्र कधी बुडणार नाही असं बाजार धरून चालतो.

आता यात अक्कल कुठं लागते सांगतो, कारण नुसतं स्वस्त उचललं म्हणजे झालं असं नसतं. थोड्या दिवसांचं कर्ज बहुतेक वेळा स्वस्त मिळतं. मग सगळंच ३६४ दिवसांचं का काढत नाहीत? कारण मग दरवर्षी सगळंच्या सगळं नवं-जुनं करावं लागेल आणि ज्या वर्षी व्याज भडकेल त्या वर्षी सगळ्या कर्जाला भडका. तुझा हातउसने देणारा ऐन मार्चमध्ये नाही म्हणाला तसंच, फक्त लाख कोटीत. म्हणून थोडं व्याज जास्त गेलं तरी चालेल म्हणत १०, ३०, ४० वर्षांचे बाँड काढतात, २०२३ च्या नोव्हेंबरात तर ५० वर्षांचापण काढला. ज्या वर्षी फेडीचा ढीग मोठा दिसतो त्या वर्षातले बाँड आधीच परत घेऊन बदल्यात पुढच्या तारखेचे देतात, त्याला स्विच म्हणतात. आमच्या ट्रेझरीतला साहेब म्हणायचा, ह्याला कर्ज फेडणं म्हणत नाहीत, कर्ज पसरणं म्हणतात.

आणि एक, कर्ज आपल्या रुपयात आहे ना, हे फार मोठं आहे. श्रीलंकेनं डॉलरमध्ये उचललं होतं, डॉलर संपले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये हात वर केले. आपणपण १९९१ ला त्या दारात जाऊन आलोय, ४७ टन सोनं लंडन आणि जपानच्या बँकांकडे गहाण टाकलेलं. त्या वेळी मी नवीन होतो नोकरीत, ब्रँचमधले म्हातारे क्लार्क तोंडं पाडून बसले होते, बायकोचे दागिने ठेवलेत असं बोलायचे.

टिळकवाडी_ताई

कॅशियरकाकांनी छान सांगितलंय, पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते. मी बी.कॉम.च्या मुलांना हेच शिकवते आणि दरवर्षी पहिल्या दिवशी कोणीतरी हाच माणशी लाखाचा हिशोब घेऊन येतो.

माणशी कर्ज काढून काही कळत नाही. दोन एकरवाल्यावर पाच लाख आणि वीस एकरवाल्यावर दहा लाख, तर जास्त अडचणीत कोण? म्हणून कर्ज राज्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या किती टक्के हे बघायचं. २०२५-२६ च्या बजेटातले आकडे घ्या. महाराष्ट्राचे ९ लाख ३२ हजार कोटी आकड्यानं जास्त, पण तिथलं उत्पन्नही मोठं, त्यामुळे ते १९ टक्क्यांच्या आसपास बसतं. आपलं कर्नाटकचं ७,६४,६५५ कोटी म्हणजे २४.९१ टक्के. आता हा २४.९१ आकडा असा का आला ते बघा. २००२ मध्ये वित्तीय जबाबदारीचा कायदा करणारं कर्नाटक हे देशातलं पहिलं राज्य, केंद्राचा कायदासुद्धा त्यानंतरचा, २००३ चा. त्या कायद्यात कर्जाची रेषा २५ टक्क्यांवर आहे आणि वर्षाची तूट ३ टक्क्यांवर. तूट किती धरली? २.९५. दोन्हीकडे रेषेला नाक टेकवून उभे! पेपर कोरा ठेवायचा नाही आणि ३५ च्या वर एक मार्कही मिळवायचा नाही अशी मुलं असतात ना वर्गात, तसं.

आता व्याजाचं. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी धरलं. महसुली उत्पन्न ३४.२० लाख कोटी. म्हणजे १०० रुपये आले की ३७ रुपये व्याजाला. आणि वर्षाची तूट, म्हणजे नवीन कर्ज काढायची गरज, १५.६९ लाख कोटी. भागाकार करून बघा, नव्या कर्जातल्या रुपयातले ८१ पैसे होतील एवढं जुन्या कर्जाचं व्याजच आहे. मुद्दलाचं नवं-जुनं ठीक आहे काका, पण व्याजाचंही नवं-जुनं चाललंय हे सांगायला नको का? आमच्या शेजारच्या कन्नड आजी त्याला चक्रबड्डी म्हणतात. सुटका एवढीच की उत्पन्न व्याजदरापेक्षा वेगानं वाढत राहिलं तर टक्केवारी हळूहळू खाली येते. केंद्र म्हणतंय कर्ज मार्च २०३१ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणू, २०२५-२६ च्या बजेटात ते ५६ च्या पुढे धरलं होतं.

गृहलक्ष्मीबद्दल. गृहलक्ष्मी धरून राज्य सरकारच्या पाचही गॅरंटी योजना मिळून २०२५-२६ ला ५१ हजार कोटींच्या वर तरतूद होती, आणि त्याच बजेटात महसुली तूट १९,२६२ कोटी. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चालाही उत्पन्न पुरत नाही, तेवढं कर्ज काढून भागवायचं. तेव्हा तुमच्या कंपनीतला माणूस अगदीच खोटं बोलत नाही, पण ७ लाख कोटी काही २०२३ नंतर उगवलेले नाहीत. आणि त्या २ हजारात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी मुलीची फी भरली हेही मी बघितलंय, त्यामुळे माझं मन दोन्हीकडे आहे.

कर्जाचा खर्च कसा अंगावर येतो याचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र गोल्ड बाँड. २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारनं सुरू केले. विचार चांगला होता, लोक सोनं परदेशातून आणायला लावतात त्यापेक्षा कागदावर घ्या, आठ वर्षांनी त्या दिवसाच्या सोन्याच्या भावानं पैसे परत, वर थोडं व्याज. पहिल्या खेपेला ग्रॅमला २,६८४ रुपये घेतले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच ग्रॅमचे ६,१३२ परत दिले. वर दरवर्षीचं पावणेतीन टक्के व्याज वेगळं. सरकारला ही उसनवारी साध्या बाँडपेक्षा कितीतरी महाग पडली, कारण मुद्दलच सोन्याच्या शेपटाला बांधलेलं आणि सोन्याचा भाव आपल्या हातात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर नवीन बाँड काढलेच नाहीत, पण आधीचे बरेच फेडायचे शिल्लक आहेत आणि सोनं तर थांबायचं नाव घेत नाही. शहापूरच्या सराफ गल्लीतला कुठलाही सराफ सांगेल की सोन्याच्या भावात कर्ज काढू नये. दिल्लीत कुणी विचारलं नाही बहुतेक.

अथणीचा_ऊसवाला

सगळं वाचलो. कॅशियर साहेब, तुमचं एक वाक्य मला झोंबलं. आम्ही नवं-जुनं केलो तर सोसायटीच्या बोर्डावर थकबाकीदार म्हणून नाव, पोरीच्या लग्नात पाहुणे कुजबुजतात. सरकार केलं की त्याला स्विच म्हणायचं, पसरणं म्हणायचं, आणि करणारा ट्रेझरीत साहेब. शब्द इंग्रजी झाला की लाज जाते काय?

दुसरं, तुम्ही सगळे बजेटात दिसतंय तेवढंच बोलूलालाय. पाटबंधाऱ्याच्या निगमाचं काय? १९९४ ला कृष्णा भाग्य जल निगम काढले, तिकडं महाराष्ट्र १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढला. दोघांना घाई कसली? बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी राज्यांना वाटून दिलेलं आणि ३१ मे २००० नंतर वाटप परत तपासता येईल असं म्हटलेलं. त्याच्या आत जास्तीत जास्त पाणी अडवून वापरात दाखवायचं म्हणून दोन्हीकडं बाँड काढून पैसे उचलले, सरकार हमी दिलं. बाँड निगमाच्या नावावर, म्हणून सरकारच्या कर्जाच्या खात्यात दिसणार नाही, पण निगमाला उत्पन्न काय? पाणीपट्टी? आमच्याकडं पाणीपट्टी किती भरतात ते सांगायला लावू नका. शेवटी ते सरकारच्याच गळ्यात. आणि कालव्याला पाणी यायच्या आधी व्याज सुरू. माझ्या सासरवाडीकडं कालव्याची चर खणून ठेवलेली, पोरं त्यात क्रिकेट खेळून मोठी झाली, त्यांची पोरं आता खेळूलालीत.

तरी सांगतो, ज्या गावात पाणी पोचलं तिथं माळावर ऊस उभा राहिला. ते कर्ज वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण कुठलं कर्ज पाण्याला गेलं आणि कुठलं पगाराला, हे कोण वेगळं लिहून दाखवतंय काय?

निपाणीचा_पाहुणा

आपल्या बेळगावातला विधानसभेचा सुवर्णसौध कुठल्या खात्यात घालायचा ते पण सांगा कोणीतरी 😄 २०१२ ला उद्घाटन, वर्षात दोन आठवडे अधिवेशन, बाकी वर्षभर हायवेवरनं बघायला छान.

जुना_कॅशियर

पाहुणे, तो भांडवली खर्चात धरतात. त्यातनं भांडवल किती तयार झालं यावर मी बोलणार नाही, मला बेळगावातच राहायचंय.

ऊसवाले, लाजेचं तुमचं खरं आहे. माझ्याकडे उत्तर नाही त्याला. मी काऊंटरच्या या बाजूला बसलेलो, शेतकऱ्याचा कागद मागं फेकणारे साहेब आमच्याचकडे होते आणि सरकारी बाँड घेताना दोन मिनिटं लागायची नाहीत.

हमीचं मात्र आता थोडं बदललंय. २०२२ पासून केंद्र म्हणतंय की राज्याच्या महामंडळानं काढलेलं आणि राज्याच्या बजेटातनं फिटणार असलेलं कर्ज राज्याचंच धरणार, तेवढी राज्याची कर्ज काढायची मर्यादा कमी. राज्यघटनेच्या २९३ कलमात आहे, केंद्राचं देणं बाकी असेल तर राज्याला नवीन कर्जाला केंद्राची परवानगी लागते, तिथनं हा लगाम येतो. केरळ याच्यावर सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२४ ला ते प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं. केंद्र स्वतः खतं आणि पेट्रोलच्या अनुदानापोटी पूर्वी बाँड देऊन मोकळं व्हायचं ते आम्ही विसरलो नाही, पण सुनेनं जास्त खर्च केला की सासूचं लक्ष जातंच.

आणि मलप्रभाकाठ, बाबांना एक आणखी सांग. त्यांचं पीकेपीएसचं पीककर्ज ५ लाखापर्यंत बिनव्याजी आहे ना, ते व्याज कुठं हवेत जात नाही. सोसायटीला ते राज्य सरकार भरून देतं. आणि सरकारचं रोजच्या खर्चाचं भागत नाही म्हणून त्यातला काही भाग मंगळवारच्या सौद्यातनंच येतो. म्हणजे मार्चमध्ये बाबा नवं-जुनं करतात तेव्हा त्यांच्या व्याजाचं नवं-जुनं बेंगळुरात चाललेलं असतं.

मलप्रभाकाठ

काका, ताई, सगळ्यांना थँक्यू. काल रात्री बाबांना बसवून वाचून दाखवलो. एसएलआर वगैरे काय ऐकलं नाहीत, पीएफचं ऐकून म्हणाले म्हणजे तू पण देणेकरी आणि घेणेकरी पण, बरं हाय, घरातल्या घरात भांडा. पण शेवटचं, त्यांचं व्याज सरकार कर्ज काढून भरतंय म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, म्हणून तारीख एक दिवस चुकली की एवढी ओरडतात होय. आणि ऊसवाल्यांना नमस्कार सांगितलेत, चरीचं वाचून हसले पण आणि शिव्या पण दिले.

आता एक भलतंच निघालं. हे वाचताना आई आतनं म्हणाली, गोल्ड बाँड म्हणजे तो कागद काय, मी २०१९ ला मामाच्या सांगण्यावरनं ५ ग्रॅमचा घेतला होता, गादीखाली हाय. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं! ताई, तो आत्ता मोडता येतो की आठ वर्षं थांबायलाच पाहिजे? बाबा म्हणूलालेत सरकारला एवढं महाग पडूलालं असेल तर राहू दे आणखी थोडे दिवस 😄

टिळकवाडी_ताई

अरे वा, आईच हुशार निघाल्या घरात! पाच वर्षं झाली की व्याज जमा होण्याच्या तारखेला सरकारला परत देता येतो, वर्षातून दोनदा ती तारीख येते, कागदावर छापलेली असेल बघा. त्या तारखेच्या आधी बँकेत किंवा पोस्टात जिथून घेतला तिथे अर्ज द्यावा लागतो, ऐन दिवशी जाऊन उपयोग नाही. नाहीतर २०२७ पर्यंत ठेवा, आपोआप पैसे खात्यात येतात. फक्त त्या बाँडला जोडलेलं बँक खातं अजून चालू आहे का ते आधी बघा, आमच्या इथे एकींचं व्याज कितीतरी वर्षं बंद खात्याकडे जाऊन परत येत होतं. आणि कागद गादीखालून काढा, पावसाळा जवळ आलाय.